दिवा कुठून आणला? हिएई पर्वत, पाऊस आणि १५७१ ची आग

आजच्या भागात मागे जी सारखी सरसर ऐकू येते, ती माईकची खरखर नाही. तो पाऊस आहे, आणि तो मी मुद्दाम ठेवलाय. जून महिना, जपान, क्योतो शहराच्या ईशान्येला ८४८ मीटर उंचीचा हिएई पर्वत, आणि त्याच्या माथ्याजवळच्या झाडीत दडलेलं एनऱ्याकुजी. 'जी' म्हणजे मंदिर किंवा मठ. पण एकच देऊळ डोळ्यांसमोर आणू नका. इथे अख्खा डोंगरच मठ आहे. पूर्व, पश्चिम आणि योकावा असे तीन भाग, आणि त्यांत विखुरलेल्या शंभरेक वास्तू.

जपानमध्येही पावसाळा जूनमध्येच. त्याला ते 'त्सुयु' म्हणतात. आपल्या कोकणातल्यासारखा तो धो धो कोसळत नाही, नुसता चिवटपणे पडत राहतो. सकाळी पडतो, दुपारी पडतो, आणि संध्याकाळी थांबला असं वाटून छत्री मिटली की पुन्हा पडतो. त्या दिवशी वारापण होता. स्टेशनबाहेरच्या दुकानातून घेतलेली पारदर्शक प्लॅस्टिकची छत्री दहा मिनिटांत उलटी झाली. शहाणा माणूस अशा दिवशी क्योतोत एखाद्या गरम नूडल्सच्या दुकानात बसला असता.

पण मला तिथे एक दिवा बघायचा होता. बाराशे वर्षं न विझलेला दिवा, असं त्याच्याबद्दल सांगतात. आपल्याकडे नंदादीप म्हणतो ना, तसाच. आता गंमत अशी की ज्यांनी थोडा जपानी इतिहास वाचलाय, निदान ॲनिमे किंवा गेममधून तरी, त्यांना माहीत असतं की १५७१ मध्ये ओदा नोबुनागाने हा डोंगर जाळला होता. मग प्रश्न सरळ आहे. मंदिर जळलं, मग दिवा कसा नाही विझला?

डोंगरावर जायला दोन बाजू आहेत. क्योतोकडून जाता येतं, किंवा पलीकडे बिवा तलावाच्या काठावरच्या साकामोतो गावातून. मी साकामोतोची बाजू घेतली, कारण खरा इतिहास त्या बाजूला आहे. गावात शिरलं की पहिल्यांदा दिसतात दगडी भिंती. गल्ल्यांच्या दोन्ही बाजूंना, मठांच्या कुंपणांना, सगळीकडे. ओबडधोबड दगड, चुना नाही, सिमेंट नाही, एकावर एक बसवलेले. पाऊस पडत असताना ह्या भिंती बघाव्यात. पाणी साचत नाही, दगडांच्या फटींतून झिरपून निघून जातं, कारण आतल्या बाजूला बारीक दगडांचा थर भरलेला असतो. हे काम करणाऱ्या इथल्या पाथरवटांना 'आनो-शू' म्हणतात. ज्या नोबुनागाने ह्यांचं गाव जाळलं, त्यानेच पुढे आपल्या आझुची किल्ल्याच्या तटबंदीला ह्यांना बोलावलं, असं मानलं जातं. कारागिराचं हे असंच असतं. कालचा मालक गेला, आजचा आला, दगड मात्र बसवायचाच.

गावाच्या वरून केबल रेल्वे निघते. १९२७ साली सुरू झालेली, २,०२५ मीटर लांब, जपानमधली सगळ्यात लांब केबल रेल्वे. अकरा मिनिटं लागतात. वर पोहोचल्यावर बिवा तलावाचा अप्रतिम देखावा दिसतो, असं सगळ्या व्हिडिओंमध्ये सांगतात. मला पांढरं दिसलं. समोर, खाली, बाजूला, सगळीकडे फक्त पांढरं. डब्यात माझ्याबरोबर एक वयस्कर जपानी जोडपं होतं. त्यातल्या आजोबांनी काचेवरचं बाष्प रुमालाने पुसलं, बाहेर पाहिलं, आणि हसून पुन्हा जागेवर बसले. मी कॅमेरा पिशवीतच ठेवला.

ह्या डोंगराच्या हवेबद्दल भिक्षूंमध्ये चार शब्दांची एक जुनी म्हण आहे. इथलं जगणं म्हणजे काय, तर वाद, दमटपणा, थंडी आणि गरिबी. वाद म्हणजे शास्त्रार्थ, धर्मग्रंथांवरची चर्चा. बाकीचे तीन शब्द स्वतःच बोलतात. मी गेले त्या दिवशी पहिले तीन तासांत दोन शब्द तर अंगावरच आले. सुगीची, म्हणजे देवदारासारखी सरळसोट उंच झाडं धुक्यात अर्धी गायब, खाली शेवाळ, आणि मोजे ओले. देवळात शिरताना बूट काढावे लागतात हे तर आपल्याला घरचंच आहे. पण ओल्या मोज्यांनी शेकडो वर्षं घासलेल्या थंडगार लाकडावर चालणं, हे मात्र नवीन होतं.

आता थोडं मागे जाऊया. साइचो नावाचा एक तरुण भिक्षू. जन्म ७६७ सालचा, साकामोतोजवळचाच. ७८५ साली, वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी, तो मोठ्या मठांचं जग सोडून ह्या डोंगरावर येऊन राहिला. ७८८ मध्ये त्याने एक छोटं देऊळ बांधलं. आत औषधी बुद्धाची, म्हणजे संस्कृतमधल्या भैषज्यगुरूची मूर्ती ठेवली आणि तिच्यासमोर दिवा लावला. तोच हा दिवा. तेव्हा क्योतो राजधानी नव्हती हे लक्षात घ्या. ती झाली ७९४ मध्ये. नवी राजधानी वसली आणि पंचांग बघणाऱ्यांच्या ध्यानात आलं की हिएई पर्वत शहराच्या बरोब्बर ईशान्येला आहे. चिनी समजुतीप्रमाणे ईशान्य ही भुताखेतांची येण्याची दिशा. म्हणजे हा डोंगर शहराचा राखणदार झाला! साइचोचं नशीब एका दिशेने उघडलं म्हणायला हरकत नाही. आपल्या वास्तुशास्त्रात ईशान्य ही देवाची दिशा आणि तिथे ती सैतानाची. दिशा एकच, भीती वेगळी.

८०४ मध्ये साइचो चीनला गेला, पुढच्या वर्षी परत आला आणि तेंदाई पंथ उभा केला. तो गेला ८२२ मध्ये. 'एनऱ्याकुजी' हे नाव मंदिराला मिळालं ते त्यानंतर, ८२३ मध्ये. पुढची कित्येक शतकं हा डोंगर जपानचं सगळ्यात मोठं धर्मविद्यापीठ होता. होनेन, शिनरान, एइसाई, दोगेन, निचिरेन, जपानी बौद्ध धर्माचे जवळपास सगळे मोठे पंथ काढणारी ही माणसं इथे शिकली. गंमत म्हणजे इथलं शिक्षण पुरेसं वाटलं नाही म्हणून ती खाली उतरली, आणि खाली जाऊन त्यांनी स्वतःचे पंथ काढले. त्यांच्या लाकडी मूर्ती आज इथल्याच मोठ्या व्याख्यानगृहात मानाने बसवलेल्या आहेत. घर सोडून गेलेल्या पोरांचे फोटो आईनं हॉलमध्ये लावावेत तशा.

मुख्य मंदिराचं नाव कोन्पोन चूदो. ते एका खड्ड्यासारख्या सखल जागेत आहे, त्यामुळे पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. २०१६ पासून त्याची मोठी दुरुस्ती चालू झाली. मी गेले तेव्हा बाहेरून मंदिर दिसतच नव्हतं, त्याच्यावर कारखान्याच्या शेडसारखं एक अवाढव्य छप्पर उभारलेलं होतं. पावसाचा आवाज त्या पत्र्यावर असा वाजत होता, की आत मंत्र म्हणणाऱ्याचा आवाज मधेच बुडायचा.

आणि आतली रचना ऐका, कारण ही मला सगळ्यात आवडली. आपण ज्या लाकडी जमिनीवर बसतो, तिच्या पुढे अंधार आहे. जमीन तिथे संपते आणि सुमारे तीन मीटर खाली दगडी तळ आहे, काळोखात, ओल्या दरीसारखा. त्या दरीतून वेदी वर येते, इतकी वर, की मूर्ती आणि दिवे बरोबर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. म्हणजे देव वर आणि भक्त खाली असं नाही. दोघं समोरासमोर, आणि मध्ये अंधाराची दरी. त्या दरीपलीकडे तीन कंदील. त्यांत जळतं ते मोहरीच्या जातीच्या बियांचं तेल.

खरं सांगते, दिवा फार मोठा नाही. मिणमिणता आहे. लांबून नुसता पिवळा ठिपका. बाहेर दिवसाढवळ्या इतका अंधारून आलं नसतं तर कदाचित मी त्याच्याकडे बघून पुढे गेलेही असते. निष्काळजीपणाला जपानीत 'युदान' म्हणतात. तो शब्द दोन चिन्हांनी लिहितात, 'तेल' आणि 'तुटणं'. ह्या दिव्याचं तेल तुटू नये म्हणून जी काळजी घेतली, तिच्यावरून तो शब्द आला, अशी इथली आवडती कथा. व्युत्पत्ती म्हणून मी तिच्यावर पैज लावणार नाही, पण कथा म्हणून चांगली आहे.

आता आगीकडे येऊ. नोबुनागा म्हटलं की गेममध्ये काय दाखवतात? काळं चिलखत, लाल डोळे, सैतान. आणि भिक्षू म्हणजे बिचारे, शांत, ध्यानस्थ. इतकं सोपं नव्हतं ते. अकराव्या-बाराव्या शतकापासून हिएईकडे स्वतःची फौज होती. हत्यारबंद भिक्षू. राजधानीत एखादा निर्णय मनाविरुद्ध झाला, की हे लोक खालच्या हियोशी देवस्थानाची पालखी खांद्यावर घेऊन, तलवारी-भाले घेऊन थेट क्योतोत उतरायचे. पालखीवर हात कोण टाकणार? देवाच्या आडून केलेला मोर्चा तो. सम्राट शिराकावाबद्दल सांगतात, की तीन गोष्टी आपल्या हाताबाहेर आहेत असं तो म्हणायचा. कामो नदीचा पूर, फाशांचं दान आणि ह्या डोंगरावरचे भिक्षू.

पैसाही भरपूर होता. देशभर जमिनी, सावकारी, आणि साकामोतो हे बिवा तलावावरचं बंदर. उत्तरेकडचा तांदूळ आणि माल तलावातून नावांनी इथे यायचा आणि घोड्यांवर लादून क्योतोत जायचा. म्हणजे राजधानीच्या पोटाची नाडी ह्या गावाच्या हातात. शेजारच्या मिइदेरा ह्या मठाशी तर पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं. एकाच पंथाचे दोन मठ, पण हिएईच्या भिक्षूंनी मिइदेरा कितीदा जाळला ह्याचा हिशेब लावणं कठीण. आणि १५३६ मध्ये त्यांनी क्योतोतली निचिरेन पंथाची एकवीस मंदिरं जाळली, त्या आगीत शहराचा मोठा भाग गेला. नोबुनागाच्या पस्तीस वर्षं आधी. हे मी का सांगतेय? पुढे जे झालं त्याचं समर्थन करायला नाही. आग ह्या डोंगराला पाहुणी नव्हती, एवढंच.

इथे एक गोष्ट आपल्याजवळची येते. गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकामध्ये ज्यांचं शव ठेवलंय, ते फ्रान्सिस झेवियर. ते हिएईला यायला निघाले होते, आणि तेही वाईट हवेत! झाली कथा अशी. १५४७ मध्ये मलाक्क्यात त्यांना आंजिरो नावाचा एक जपानी भेटला. खून करून पळालेला. १५४८ मध्ये त्याचा बाप्तिस्मा गोव्यात झाला आणि तो जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजमध्ये शिकला. ज्या कॉलेजची आज नुसती कमान उभी आहे, तेच. जपानमध्ये मोठमोठी विद्यापीठं आहेत हे झेवियर यांना कळलं आणि १५४९ मध्ये ते जपानला पोहोचले. त्यांच्या पत्रांत हिएईचा उल्लेख अशाच विद्यापीठांमध्ये येतो. तिथे जाऊन त्या पंडितांशी वाद घालायचा, हा त्यांचा बेत. १५५० च्या डिसेंबरात यामागुचीहून ते पायी निघाले. बर्फ, थंडी, अंगावर साधे कपडे. जानेवारी १५५१ मध्ये क्योतोत पोहोचले तर शहर लढायांनी उद्ध्वस्त झालेलं. आणि हिएईच्या दारात त्यांना कोणी उभंच केलं नाही, कारण भेटीदाखल द्यायच्या वस्तू बरोबर नव्हत्या. वाद घालायला आलेला माणूस नजराणा नाही म्हणून परत गेला. क्योतोत जेमतेम अकरा दिवस राहून ते माघारी वळले. म्हणीतला पहिला शब्द, 'वाद', त्यांच्या वाट्याला आलाच नाही. बाकीचे तिन्ही आले.

वीस वर्षांनी डोंगर जळला, तेव्हा ते लिहून ठेवणाऱ्यांत एक माणूस पुन्हा गोव्याहूनच आलेला होता. लुइस फ्रोइस, पोर्तुगीज जेझुइट. १५४८ मध्ये गोव्यात आला, तिथेच पाद्री झाला, १५६३ मध्ये जपानला पोहोचला. १५६९ मध्ये तो नोबुनागाला प्रत्यक्ष भेटला. त्याचं लिखाण अमूल्य आहे, पण वाचताना एक भान ठेवावं लागतं. हिएईचे भिक्षू पाद्र्यांचे कट्टर विरोधक होते, त्यामुळे ह्या विनाशात त्याला देवाची करणी दिसते.

तर झालं काय? १५७० च्या शरद ऋतूत नोबुनागाचे शत्रू, आझाई आणि आसाकुरा ही दोन घराणी, फौज घेऊन हिएईवर चढून बसली. त्या मोहिमेत नोबुनागाचा एक धाकटा भाऊ मारला गेला. नोबुनागाने मठाला निरोप पाठवला. माझ्या बाजूने या, तर तुमच्या जप्त जमिनी परत देतो. भिक्षू म्हणून एका बाजूचं होता येत नसेल तर निदान तटस्थ राहा. दोन्ही नाही केलंत तर डोंगर जाळीन. मठाने उत्तरच दिलं नाही. हिवाळा तोंडावर आला आणि तह होऊन सगळे पांगले. सगळ्यांना वाटलं, विषय संपला.

नोबुनागाच्या डोक्यातून तो गेला नव्हता. ३० सप्टेंबर १५७१ रोजी त्याच्या फौजेने आधी साकामोतो पेटवलं. मी ज्या गल्ल्यांमधून सकाळी छत्री सावरत गेले, त्याच. लोक हियोशी देवस्थानामागच्या टेकडीवर पळाले, बायका-मुलं घेऊन. सैन्य मागोमाग वर गेलं. नोबुनागाचं चरित्र लिहिणारा ओता ग्यूइची हा त्याच्याच पदरी होता, तरीही तो काही लपवत नाही. पकडून आणलेली माणसं, त्यांत विद्वान भिक्षू होते, बायका होत्या, मुलं होती, एकेकाला समोर आणून मारलं, असं तो लिहितो.

किती मेले? इथे तीन समकालीन नोंदी आहेत आणि तिन्ही वेगळ्या आहेत. ओता म्हणतो काही हजार. फ्रोइस म्हणतो सुमारे पंधराशे. क्योतोतला दरबारी यामाशिना तोकित्सुगु आपल्या रोजनिशीत तीन ते चार हजार म्हणतो. म्हणजे नोबुनागाचा माणूस, त्याच्या बळींचा शत्रू, आणि लांबून धूर बघणारा शहरातला माणूस. तिघांपैकी मला सगळ्यात विश्वासाचा वाटतो तो शेवटचा. त्याला कोणाकडून काही नको होतं. पण त्याचीही माहिती ऐकीवच.

मग आले पुरातत्त्वज्ञ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरावर उत्खननं झाली आणि चित्र बदललं. १५७१ चा म्हणून ठामपणे सांगता येईल असा जळका थर सापडला तो मुख्यतः कोन्पोन चूदो आणि मोठं व्याख्यानगृह इथे. बाकीच्या पुष्कळ वास्तू त्याआधीच, १४३५ किंवा १४९९ च्या आगीत, किंवा नुसत्या दुर्लक्षाने गेलेल्या होत्या. सापडलेली भांडीकुंडीही बरीचशी जुन्या काळातली, सोळाव्या शतकातली फार कमी. नारा इथल्या एका भिक्षूच्या रोजनिशीशी हे जुळतं. तो १५७० मध्ये इथे येऊन गेला होता, आणि वरची मंदिरं मोडकळीला आलीत, भिक्षू बहुतेक खाली साकामोतोतच राहतात, असं त्याने लिहिलंय. दमट, थंडी आणि गरिबी नको म्हणून खाली उबेत राहणारे भिक्षू! धुक्यात उभं राहून ओले मोजे पिळताना मला त्यांचा राग आला नाही, हे कबूल करते.

काही लोक ह्यावरून म्हणतात, मग हत्याकांड वगैरे अतिशयोक्ती आहे. मला हे पटत नाही. माणसं जर खाली गावात राहत होती, तर मृत्यू गावात आणि मागच्या टेकडीवर झाले. डोंगरावर राख कमी सापडली म्हणून रक्त कमी सांडलं असं होत नाही. उत्खनन वास्तूंबद्दल सांगतं. पळणाऱ्या बाईबद्दल त्याला काय सांगता येणार?

आणखी एक पात्र. अकेची मित्सुहिदे. कथा-मालिकांमध्ये हा सुसंस्कृत, हळवा सरदार, नोबुनागाला 'असं करू नका' म्हणून विनवणारा. पण त्याचं स्वतःचं एक पत्र शिल्लक आहे, हल्ल्याच्या दहा दिवस आधीचं. त्यात डोंगराच्या कुशीतल्या ओगी गावाची सरसकट कत्तल करायची भाषा आहे. बक्षीस म्हणून त्याला हाच प्रदेश मिळाला आणि त्याने साकामोतोत किल्ला बांधला. १५८२ मध्ये ह्याच मित्सुहिदेने क्योतोतल्या होन्नोजी मंदिरात नोबुनागाला घेरलं. नोबुनागा मेला तोही पेटलेल्या मंदिरात.

पाऊस वाढला तसं मी पूर्व भागातून पश्चिम भागाकडे चालत गेले. वाटेत जोदो-इन आहे, साइचोची समाधी. तिथे एक भिक्षू बारा वर्षं डोंगर न सोडता राहतो आणि साइचो जिवंत असल्यासारखी त्याची सेवा करतो. रोजचं जेवण, पूजा, आणि झाडू. पान पडलं की उचललं. ह्या व्रताला 'झाडलोटीचा नरक' असं टोपणनाव आहे, आणि वाऱ्या-पावसाच्या त्या दिवशी मला ते अगदी समजलं. रेती झाडलेली होती. मागे ओळी दिसत होत्या. माझ्यासमोर तिच्यावर चार पानं पडली.

पुढचा शाकादो हा डोंगरावरचा सगळ्यात जुना टिकलेला मंडप. आणि तो इथला नाहीच. तो मिइदेराचा! १५९५ च्या सुमारास तोयोतोमी हिदेयोशी मिइदेरावर रागावला, आणि त्याने तिथलं मुख्य सभागृह सुटं करून इथे आणून बसवलं. ज्या शेजाऱ्याचं घर आपण वारंवार जाळलं, त्याच्याच घरात देव मांडायची वेळ आली.

ह्याच वाटांवर 'काइहोग्यो' करणारे भिक्षू चालतात. सात वर्षांत एक हजार दिवस, सुरुवातीला रोज तीसेक किलोमीटर, पुढे त्याहून कितीतरी जास्त. पांढरे कपडे, गवताच्या चपला. पाऊस असो, आजारपण असो, सुट्टी नाही. सातशे दिवस झाले की नऊ दिवस अन्न, पाणी, झोप आणि आडवं होणं बंद. सगळं मिळून अंतर होतं पृथ्वीच्या परिघाएवढं, चाळीस हजार किलोमीटरच्या घरात. हे पूर्ण करणारे जेमतेम पन्नासेक. पण मोजणी कधीपासूनची? १५७१ नंतरची. आधीचे कागद जळले. त्याआधी किती जण चालले, त्यांची नावं काय, सगळं त्या एका दिवशी गेलं. माणसांचा आकडा तीन जणांनी तीन सांगितला, चालणाऱ्यांचा तर कोणालाच सांगता येत नाही.

आता दिव्याचा हिशेब. साइचोचा शिष्य एन्निन. चीनमध्ये नऊ वर्षं राहून आला, तिथला बौद्धांचा छळ डोळ्यांनी पाहून आला, आणि पुढे हिएईचा प्रमुख झाला. परंपरा सांगते की ८६० मध्ये त्याने दूर ईशान्येला, आजच्या यामागाता भागात, एका कड्यावर रिश्शाकुजी मंदिर स्थापलं. लोक त्याला यामादेरा म्हणतात, म्हणजे 'डोंगरातलं देऊळ'. हजाराहून जास्त पायऱ्या, भोकं पडलेले कडे, हिवाळ्यात कमरेएवढं बर्फ. १६८९ मध्ये बाशो तिथे गेला आणि सिकाडांच्या आवाजावरचा त्याचा हायकू तिथलाच. तर त्या मंदिरात हिएईच्या दिव्यावरून पेटवलेली ज्योत नेऊन ठेवली होती. सरळ रेषेत मोजलं तरी पाचशे किलोमीटरहून जास्त अंतर.

नोबुनागा जिवंत असेतो हिएई पुन्हा बांधायची सोय नव्हती. १५८४ मध्ये हिदेयोशीने परवानगी दिली. मंदिर उभं राहायला लागलं आणि प्रश्न आला, दिवा कुठून आणायचा? तो यामादेराहून आणला. लेकीच्या घरी दिलेलं विरजण, आपलं संपल्यावर तिच्याकडून परत आणावं तसा. आज कोन्पोन चूदोत जळते ती ही ज्योत. सध्याची वास्तू तोकुगावा इएमित्सुच्या काळातली, १६४२ ची.

म्हणजे 'बाराशे वर्षं अखंड' हे खोटं आहे का? मला विचाराल तर दिवा इथे अखंड नव्हता. १५७१ ते १५८० च्या दशकापर्यंत ह्या दरीत नुसता काळोख होता. ज्योत अखंड होती, पण दुसऱ्याच्या घरी. पर्यटकांना सांगताना हा भाग एका ओळीत उरकतात. मला तोच सगळ्यात मोठा वाटतो, कारण यामादेराची आपली एक गोष्ट आहे. १५२१ मध्ये स्थानिक लढाईत यामादेराच जळालं होतं. एन्निनच्या वेळची ज्योत तिथे तेव्हाच गेली. मंदिर पुन्हा उभं करताना, १५४३ मध्ये, त्यांनी हिएईहून ती नव्याने नेली. जपानभर लढाया चालू होत्या, रस्ते धड नव्हते, ठिकठिकाणी नाके होते. कोणीतरी एक पेटतं भांडं जपत, वारा-पाऊस चुकवत उत्तरेकडे गेलं. हिएईवर तेव्हा कोणालाही वाटलं नसणार, की आपण आपलाच दिवा वाचवतोय. त्यांच्या लेखी लांबच्या एका गरीब शाखेची ती साधी मागणी होती. त्यानंतर बरोबर अठ्ठावीस वर्षांनी नोबुनागाची फौज साकामोतोत शिरली.